दारूकोठारातली वाद्ये

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या डिसेंबरातल्या पहिल्या बुधवारी कोस्टा रिकाने आपले सैन्य विसर्जित केले, आणि लगेच शुक्रवारी आमच्या गावच्या बँडने आपली वाद्ये शस्त्रे म्हणून जमा केली. पहिली गोष्ट राजधानीत झाली. बराकीच्या भिंतीवर घण घालून तिचा एक कोपरा पाडला, असे रेडिओवर सांगितले गेले. दुसरी गोष्ट करायला आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. ती आम्ही आमच्या सचोटीने केली.

सांता लुक्रेसिया हे कॉफीच्या उतारावरचे गाव. चर्च, चर्चसमोर बाग, बागेच्या मधोमध आठ खांबांचा वाद्यमंडप आणि बागेच्या पलीकडे बराक. बँड बराकीचा होता. आम्ही चौदा जण. कोणी सुतार, कोणी न्हावी, कोणी मळ्यावरचा मुकादम. एकानेही कधी बंदुकीचा चाप ओढलेला नव्हता, पण सरकारच्या लेखी आम्ही सगळे सैनिक होतो. बँडमास्तर निकानोर उलाते यांना कॅप्टनचा हुद्दा होता. मी, एलिएसेर सुम्बादो, वाद्य दुसरी क्लॅरिनेट, हुद्दा तृतीय श्रेणीचा सैनिक. दर रविवारी संध्याकाळी मंडपात आमचे वादन होई. त्याला आमच्याकडे रेत्रेता म्हणतात. मुली बागेभोवती एका दिशेने फिरत, मुलगे उलट दिशेने, आणि एका फेरीत दोनदा नजरा भेटत. गावातली निम्मी लग्ने आमच्या तालावर जुळलेली होती.

राजधानीहून आलेला हुकूम मोजक्या शब्दांचा होता. बराकीच्या नोंदवहीतले सर्व साहित्य कुलूपबंद करून मोहोर लावावी. बंदुका त्याआधीच ट्रकमधून गेल्या होत्या. मास्तरांनी नोंदवही उघडली. खोगिरांच्या नंतर आणि कंदिलांच्या आधी, बंदुकांच्याच शाईत, आमची वाद्ये लिहिलेली होती.

तोरिबियो आमचा ट्युबावाला, म्हणजे बँडमधले सगळ्यांत मोठे पितळी वाद्य फुंकणारा. पेशाने सुतार. त्याचे पोट ट्युबाच्या मापाचे होते आणि जीभ झांजेच्या जातीची. तो म्हणाला, "मास्तर, ही तोफ नाही. ट्युबा आहे."

"नोंदवहीत आहे की नाही?"

"नोंदवहीत खोगीरपण आहे. ते काय गोळ्या झाडतं?"

"खोगीरही जमा झालंय, तोरिबियो."

आम्ही शेवटचे म्हणून रांगेत उभे राहिलो आणि बराकीच्या मागल्या अंगाला असलेल्या दारूकोठारात एकेक करून आत गेलो. त्या खोलीला खिडकी नाही. लोखंडी दार आहे, आतला स्फोट आतच राहावा म्हणून बसवलेले. भिंतीशी लाकडी घडवंची होती, तिला बंदुका टेकवण्यासाठी पाडलेल्या खाचा. माझी क्लॅरिनेट त्यातल्या एका खाचेत नेमकी बसली. जणू ती खाच इतकी वर्षे तिचीच वाट पाहत होती. मला ते आवडले नाही. पुढे कितीतरी दिवस डोळे मिटले की मला क्लॅरिनेट दिसे ती त्याच खाचेत, पाठ टेकून, हुकमाची वाट पाहणारी.

मास्तरांनी बराकीचा हजेरीपट बगलेतून काढला आणि तोही आत ठेवला. नोंदवहीत हजेरीपटाचीही नोंद होती. सार्जंट मेलेसियोने कुलूप घातले, लाख वितळवून मोहोर उठवली, आणि दुसऱ्याच दिवशी तो बायकोच्या गावाला, पूर्वेच्या किनाऱ्याकडे, कायमचा निघून गेला. बराक रिकामी झाली. इतकी रिकामी, की बागेतून चालताना तिच्या अंगणातल्या नळाचे ठिबकणे ऐकू येई.

त्या रविवारी रेत्रेता झाली नाही, पण माणसे आली. साडेसहाला मुली एका दिशेने निघाल्या, मुलगे उलट दिशेने. कोणी काही बोलेना. फक्त पावलांचा आवाज. शेकडो तळव्यांखाली वाळूचा, एका संथ, अखंड घासण्याचा. मी रिकाम्या मंडपाच्या पायरीवर बसून होतो. शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, तिलाही वजन असते, आणि ते वजन माणसे गोल गोल फिरवत राहू शकतात, हे मला त्या संध्याकाळी कळले. तोरिबियो माझ्याशेजारी बसला होता. तो म्हणाला की हे बघून त्याला देवाच्या मिरवणुकीची आठवण होते, फक्त देव घरी विसरलेला.

माझी आई मात्र त्या आठवड्यात कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

आईचे नाव एर्मेलिंदा. ती बराकीची धोबीण होती. वीस वर्षे तिने बराकीच्या अंगणातल्या दगडी कुंडावर सैनिकांचे गणवेश धुतले आणि वीस वर्षे त्याच अंगणातला आमचा सराव ऐकला. आम्ही दोघे भाऊ. थोरला एवेलियो बराकीच्या पहाऱ्यावर होता. त्याच वर्षी मार्चमध्ये देशात आपसात युद्ध पेटले तेव्हा एक माणूस सकाळी हजेरीपट घेऊन आमच्या दारात आला. एवेलियो काळ्या घेवड्याचा भात खात होता. त्या माणसाने नाव वाचले, एवेलियोने हात धुतले आणि तो गेला. एप्रिलमध्ये डोंगरातून त्याचे बूट परत आले; दफनभूमीत आम्ही तेच पुरले. तो कोणत्या बाजूने लढला हे आई कोणाला सांगत नसे. विचारले तर म्हणे, यादीच्या बाजूने.

त्याच हजेरीपटावर, त्याच पानावर, त्याच्या नावाच्या लगेच वर माझे नाव होते. सुम्बादो एलिएसेर, सुम्बादो एवेलियो. अक्षरांच्या अनुक्रमाने एवढेच ठरवले होते की मी आधी आणि तो नंतर. बाकीचे उलटे झाले. तेव्हापासून आईच्या मनात मी क्लॅरिनेट वाजवणारा मुलगा राहिलो नव्हतो. मी वरची ओळ झालो होतो. म्हणून सैन्य गेल्याचे ऐकले तेव्हा तिने चुलीवरचा तवा उतरवला, खुर्चीत बसली आणि बराच वेळ हाताने गुडघा चोळत राहिली. हजेरीपट लोखंडी दाराआड गेल्याचे मी सांगितले तेव्हा तिने मला गुळाचे पाणी करून दिले आणि मक्याची भाकरी आणखी एक घ्यायला लावली.

हे सुख सात दिवस टिकले. अकरा तारखेच्या सुमाराला रेडिओवर बातमी आली की उत्तरेच्या सीमेवरून हत्यारबंद माणसे देशात घुसली आहेत. सैन्य मोडून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. राजधानीतून स्वयंसेवक गाडीने निघाले. शिक्षक, कारकून, विद्यार्थी. न्हाव्याच्या दुकानात बोलणे झाले की आता जुने हजेरीपट बाहेर काढतील, दुसरे करणार काय. कोण काढणार हे कोणालाच माहीत नव्हते. पण भीतीला काढणाऱ्याचे नाव लागत नाही. आई त्या दिवशी बाजारातून घेवडा न आणताच परत आली.

सोमवारी राजधानीहून एक गृहस्थ आले. शिक्षण खात्याचे तपासनीस, आबेलार्दो फोन्सेका; गाव त्यांना गुरुजीच म्हणू लागले. सडपातळ, खिशात मोजपट्टी, बुटांवर खडूची भुकटी. बराकीत शाळा भरवायची होती आणि वर्गांचे माप घ्यायला ते आले होते. दोन दिवस ते सैनिकांच्या खोल्यांतून मोजपट्टी पसरत फिरले. मागल्या अंगाला पोचले तेव्हा त्यांना लोखंडी दार आणि लाखेची मोहोर दिसली. किल्ली कुठे आहे, असे त्यांनी विचारले. मास्तर म्हणाले, सार्जंटकडे. सार्जंटला तार गेली. उत्तर आले: किल्ली बराकीतच ठेवली, राजधानीहून येणाऱ्यास देणे. बराक धुंडाळली गेली. किल्ली नव्हती.

मास्तरांनी गुरुजींना सगळे खरे सांगितले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "म्हणजे तुम्ही बासरी जमा केली? शस्त्र म्हणून?"

"बासऱ्या दोन आहेत," मास्तर म्हणाले.

गुरुजी हसले नाहीत, याचे मला आजही कौतुक वाटते. त्यांनी एवढेच सांगितले की दार फोडण्याचा अधिकार त्यांच्याजवळ नाही; मोहोर ज्या खात्याची, त्या खात्याचे या जिल्ह्यातले कार्यालयच आता उरलेले नाही. किल्ली मिळाली तर मात्र ते स्वतःच्या जबाबदारीवर तार करून विचारतील. तोरिबियोने सुचवले की दाराबाहेरून हाक मारून बघावी, ट्युबा आज्ञाधारक आहे. पण त्याच्याही आवाजात नेहमीचे भरदार पितळ नव्हते. आमच्याकडे डिसेंबरात उत्तरेचे वारे सुटतात आणि आकाश कोरडे होते. त्या बंद खोलीत मात्र सगळ्या पावसाळ्याची ओल मुरलेली होती. क्लॅरिनेटच्या भोकांवरच्या कातडी गाद्या ओलीने फुगतात, मग सुटतात. लाकूड तडकते. ही वाद्ये इथे बनत नाहीत. ती समुद्रापलीकडून आलेली, आमच्या आजोबांच्या वयाची. आणखी एक महिना गेला तर दार उघडून उपयोग नव्हता.

पंधरा तारखेला आमच्याकडे घरोघर येशूच्या गोठ्याचा देखावा मांडतात. शेवाळ, रंगवलेला भुसा, मातीचे मेंढपाळ, आरशाच्या तुकड्याचे तळे. आई या वर्षी मांडणार नाही म्हणाली. सुतक आहे, एवढेच कारण. मला ते पटले. तरी वाटले की ती चर्चमधून परत येईल तेव्हा निदान गाय-गाढव तरी चुलीजवळच्या फळीवर असावे. मी पलंगाखालची पेटी ओढली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले मेंढपाळ एकेक करून काढले. तिसऱ्या पुडीला वजन होते. उघडली, तर आत वीतभर लांब लोखंडी किल्ली.

ती हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. आई दारात उभी असल्याचे मला तिच्या सावलीवरून कळले.

"सार्जंटनं बराकीतच माझ्याकडं ठेवली," ती म्हणाली. "अंगण झाडायला जाते म्हणून. म्हणाला, राजधानीहून कोणी आलं की द्या."

"आई, राजधानीहून माणूस आलाय."

"माहिती आहे. गेले दोन दिवस त्यांचा शर्ट मीच धुतेय."

ती आत आली, डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि माझ्याकडे न बघता रुमालाची घडी घालत राहिली.

"दार उघडलं की तुझी क्लॅरिनेट बाहेर येईल, कबूल. पण ती एकटी येणार नाही. तिच्याबरोबर ती वही येईल. आणि वही बाहेर आली की वाचणारा कोणीतरी मिळतोच."

"आता सैन्यच नाही. वाचून बोलावणार कुठं?"

"मार्चमध्येपण असंच म्हणत होते. काही होणार नाही, पहाऱ्यावरची मुलं आहेत, शोभेची." तिने घडी पुन्हा उलगडली. "तुला वाजवायचंय ना? वाजव. पण मला तुझं नाव कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही."

तिच्यावर रागवावे असे वाटले, आणि रागवता आले नाही. त्या किल्लीत माझी क्लॅरिनेट होती, मास्तरांची अब्रू होती, गावाचे रविवार होते. आईच्या पारड्यात एकच ओळ होती. मी किल्ली कागदात गुंडाळली, मेंढपाळांमध्ये ठेवली आणि पेटी पलंगाखाली ढकलली. दुसऱ्या दिवशी बराकीत सगळे जण पुन्हा शोधत होते. मीही वाकून वाकून शोधले. मास्तर घोड्यांच्या गव्हाणीत हात घालून चाचपत होते. त्यांच्या पांढऱ्या केसांना कोळिष्टके लागली होती. मी ती काढली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

एकोणीस तारखेचा रविवार. तिसऱ्यांदा माणसे बागेभोवती मुकी फिरून गेली, आणि या वेळी कमी होती. घरी आलो. आई उद्याच्या तामालसाठी, मक्याचे सारण भरून उकडायच्या पुड्यांसाठी, केळीची पाने पुसत बसली होती. सुतक असले तरी तामाल होतात, कारण ते शेजाऱ्यांना द्यायचे असतात. मी ओट्याशी टेकून उभा राहिलो. कोपऱ्यात झाडूचा दांडा होता. कधी उचलला ते कळले नाही. त्याचे टोक ओठांपाशी धरले आणि बोटे चालू लागली.

मी ते चोरून करत आलो होतो. आंघोळीच्या वेळी, चालताना खिशात. बोटे विसरली तर वाद्य परत मिळूनही परत मिळत नाही. मी एक जुना संथ वॉल्ट्झ धरला होता, रेत्रेता संपताना आम्ही वाजवत असू तो. पहिला भाग गेला. दुसरा. खोलीत आवाज होता तो फक्त माझ्या श्वासाचा आणि पानांवरून फिरणाऱ्या ओल्या फडक्याचा. मग फडके थांबले.

"तिसऱ्या ओळीत चुकलास," आई म्हणाली.

मी दांडा खाली घेतला.

"श्वास तिथं नाही घ्यायचा. पुढं, वळणावर घ्यायचा. मास्तर दर वेळी ओरडायचे तुला." ती पानाकडेच बघत होती. "आणि तो एवेलियो पहाऱ्यावरून तुझी नक्कल करायचा. बंदूक अशी आडवी धरून, बोटं नाचवत. सार्जंटनं दोनदा पकडला त्याला."

हे मला ठाऊक नव्हते. ज्या बंदुकीने त्याला डोंगरात नेले, तीच त्याने कधीतरी ओठांपाशी धरून माझी चुकलेली तिसरी ओळ वाजवली होती. मी ओट्याला पाठ लावून खाली बसलो. आईने एक पान पुसून बाजूला ठेवले, दुसरे घेतले.

"पुन्हा कर," ती म्हणाली. "वळणावर श्वास घे."

मी पुन्हा केले. ती मान डोलावत राहिली, नसलेल्या सुराला.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा ती घरात नव्हती, आणि पेटी पलंगाबाहेर होती. मी धावत बराकीत पोचलो. ती अंगणात आपल्या दगडी कुंडाजवळ उभी होती, चर्चला जातानाचा काळा पोशाख घालून, आणि समोर फोन्सेका गुरुजी. किल्ली अजून तिच्या मुठीत होती.

ती त्यांना म्हणत होती की किल्ली तिच्यापाशी होती आणि लपवली तिनेच; मुलाला यातले काही माहीत नव्हते. हे अर्धे खोटे तिने सहज सांगितले. पुढे म्हणाली की किल्ली द्यायला हरकत नाही, पण एक अट आहे. आत एक वही आहे. ती आधी तिच्यासमोर उघडायची, आणि तिच्या मुलाचे नाव कोणी कुठे नेणार आहे का, हे तिला तोंडावर सांगायचे.

गुरुजींनी विचारले, "आणि मी म्हटलं की मला ते माहीत नाही, तर?"

"तर तुम्ही खरं बोलताय असं समजेन. पण किल्ली घेऊन घरी जाईन."

गुरुजींनी खिशातून कागद काढला. मग म्हणाले, "माझ्या शब्दावर नको. लेखी मागवू."

त्यांनी तार लिहिली ती तिथेच, कुंडाच्या काठावर कागद ठेवून. लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवली. त्यात दोन प्रश्न होते. बँडची वाद्ये शस्त्रांत मोडतात काय. बँडचे वादक सैनिकांत मोडतात काय. गुरुजी स्वतः तार ऑफिसात गेले. आई घरी आली, पोशाख बदलला आणि तामाल बांधायला बसली. आम्ही दोघांनी मिळून बांधले. मी दोरा धरायचा, ती गाठ मारायची. त्या दिवशी उत्तर आले नाही. मंगळवारीही नाही. रेडिओवर सांगत होते की शेजारी देशांचे मध्यस्थ सीमेवर येऊन पोचले आहेत आणि बोलणी चालू आहेत. आई ते ऐके, आणि गाठ जरा जास्त घट्ट मारी.

बुधवारी दुपारी तारवाला आला तो सायकल टाकून धावतच अंगणात शिरला. मास्तर, तोरिबियो, सगळे जमले होते. आई कुंडाशी होती. गुरुजींनी तार उघडली, आधी स्वतः वाचली, मग वर्गात वाचतात तशी, शब्द सुटे करून, मोठ्याने वाचली.

"वाद्ये शस्त्रे नव्हेत. वादक सैनिक नव्हेत. दोन्ही परत करावीत."

मग तोरिबियो म्हणाला, "दोन्ही परत. म्हणजे मलापण बायकोकडं परत जावं लागणार."

हसणे आधी झांजवाल्याला फुटले आणि मग ते अंगणभर पसरले. मास्तरांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले, त्यांना त्याची सवय नव्हती, त्यांनी तोंडावर टोपी धरली. आई हसली नाही. ती किल्ली घेऊन दाराकडे चालू लागली होती.

लाख फुटली. कुलूप अडले, मग फिरले. आतून ओलीचा, गंजाचा, जुन्या दारूचा वास बाहेर आला. गुरुजींनी आधी हजेरीपट उचलला, कारण तसे ठरले होते. तो उंबऱ्यावर धरून त्यांनी पान शोधले. आईने त्यांना सांगितले की नावे मोठ्याने वाचा. तिला अक्षर येत नव्हते. हे गुरुजींना तेव्हा कळले असावे.

"सुम्बादो, एलिएसेर."

"तो क्लॅरिनेट वाजवतो," आई म्हणाली.

गुरुजींनी मान हलवली. मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "सुम्बादो, एवेलियो."

अंगणातला नळ ठिबकत होता. सैनिकांच्या हजेरीत उत्तर द्यायचे असते ते या गावातल्या प्रत्येकाला पाठ होते. आईने ते दिले नाही.

"तो घरी आहे," ती म्हणाली. "बागेमागच्या दफनभूमीत. आता त्याला कोणी हाक मारू नका."

गुरुजींनी वही मिटली. त्यांनी सांगितले की तिच्यात खाडाखोड करण्याचा हक्क त्यांना नाही, ती आता राजधानीच्या दफ्तरखान्यात जाईल, आणि तिथे अशा वह्या कोणी उघडत नाही. उघडलीच तर पुढे कधीतरी आपला आजोबा शोधणारी नातवंडे. मग खिशातून शाळेची कोरी वही काढली आणि आम्हा चौदा जणांना रांगेत न उभे करता, जो जिथे होता तिथेच, विचारत गेले: नाव काय, वाजवता काय. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी लिहिले आणि वहीचे पान आईकडे वळवले. तिने ओल्या बोटाने ती ओळ चाचपली. शाई किंचित पसरली. गुरुजींनी पसरू दिली.

वाद्ये एकेक बाहेर आली. तोरिबियोने ट्युबा उन्हात नेला, पोटभर श्वास घेतला आणि फुंकर मारली. आवाज आला नाही. दुसऱ्या फुंकरीला नळ्यांतून दोन उंदीर निघाले आणि कुंडाखाली पळाले. "शरण आले," तो म्हणाला. माझी क्लॅरिनेट खाचेतच होती, जशी ठेवली होती तशी. लाकूड शाबूत. वरच्या बाजूच्या दोन गाद्या सुटल्या होत्या. मी ती अंगणात आणली आणि हातावर आडवी धरली. तिचे वजन मला आठवत होते त्याहून कमी होते. मधल्या तीन आठवड्यांत मी मनात तिला बंदुकीचे वजन देत आलो होतो.

शनिवारपर्यंत मास्तरांनी मेणाने आणि शेळीच्या चामड्याने जमेल तेवढे दुरुस्त केले. गणवेशाचे काय करायचे, हा प्रश्न होताच. हुद्द्याच्या फिती काढून टाकाव्या असे ठरले, आणि आईने चौदाही सदऱ्यांच्या बाह्या एका बैठकीत उसवल्या. फितींखालचे कापड मूळ रंगाचे राहिले होते, बाकीचे उन्हाने विटलेले. त्यामुळे फिती गेल्या तरी त्यांचे आकार प्रत्येकाच्या दंडावर काही वर्षे दिसत राहिले.

नाताळनंतरच्या रविवारी, सव्वीस तारखेला, साडेसहाला आम्ही मंडपात चढलो. सीमेवरचे प्रकरण मिटायला फेब्रुवारी उजाडला, बँड कोणत्या खात्याचा याचा घोळ तर त्याहून लांबला. पण त्या संध्याकाळी यातले काही आमच्याजवळ नव्हते. बाग भरली होती. मुली एका दिशेने, मुलगे उलट. मास्तरांनी काठी उचलली तेव्हा फिरणारे थांबले, आणि पहिला सूर निघाल्यावर जणू त्यांच्या पायांना कोणी परवानगी दिली असे पुन्हा चालू लागले. सूर स्वच्छ नव्हते. माझी एक गादी श्वास सोडत होती. मधल्या सप्तकातल्या एका स्वराला शीळ लागे. तोरिबियोच्या ट्युबाला उंदरांचा वास येतो, असे झांजवाला कुजबुजला.

शेवटी वॉल्ट्झ. मार्चपासून आई रेत्रेताला आली नव्हती. आता ती मला दिसली; मुलींच्या मागोमाग, त्यांच्याच दिशेने, काळा रुमाल डोक्यावर, एकटी, संथ चालीने फेरी घालत होती. तिसरी ओळ आली तेव्हा ती नेमकी मंडपासमोर पोचली होती. ती थांबली नाही. चालता चालताच तिने मान वर केली आणि तोंड किंचित उघडून, वळणावर, माझ्याआधी श्वास घेतला.

मी तो तिच्याबरोबर घेतला. ओळ बिनचूक गेली. शीळ घालणाऱ्या स्वरासकट.

घरी आल्यावर तिने पलंगाखालची पेटी स्वतः ओढली आणि मेंढपाळ फळीवर मांडायला घेतले. नाताळ होऊन एक दिवस उलटला होता. मी आठवण करून दिली. ती म्हणाली की मेंढपाळ लांबून येतात, उशीर व्हायचाच, आणि मला भुसा आणायला पिटाळले.